आधी सही, मग लॅमिनेशन

लॅमिनेशन झालेला कागद परत उघडत नाही. एवढी साधी गोष्ट, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. म्हणून बाबांनी मशीनच्या डोक्यावरच पाटी चिकटवली होती: आधी सही, मग लॅमिनेशन. जाड काळ्या मार्करने, स्वतःच्या ठसठशीत अक्षरात, आणि ‘सही’खाली दोन रेघा.

त्या पाटीमागे एक हकिगत होती आणि बाबा ती महिन्यातून एकदा तरी सांगत. फार वर्षांपूर्वी एक पेन्शनर आजोबा आपला हयातीचा दाखला घेऊन दुकानात आले. कागद चुरगळतो, लॅमिनेशन करून द्या म्हणाले. बाबांनी करून दिलं. साहेबाची सही राहिली आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. ऑफिसात साहेबाने पेन टेकवलं तर प्लॅस्टिकवर शाई धरेना. आजोबा तणतणत परत आले आणि भर दुकानात म्हणाले, तुमच्या कृपेने मला परत पहिल्यापासून जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागणार आहे. सगळे हसले, बाबा मात्र ओशाळले. तेव्हापासून सहीची जागा कोरी असलेला कागद त्या मशीनमध्ये गेला नाही. गेला तर फक्त नमुना म्हणून. तसे तीन-चार कोरे नमुने काउंटरच्या काचेखाली लावलेले होते, गिऱ्हाइकाला प्लॅस्टिकची जाडी दाखवायला.

दुकान झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग आणि पासपोर्ट फोटोंचं. नावाला मालक बाबा, कारभार सगळा ठकीचा. ठकी म्हणजे धाकटी, वय एकवीस, कॉलेजचं शेवटचं वर्ष. लहानपणी कापडाच्या बाहुलीसारखी दिसायची म्हणून पडलेलं नाव. पुढे ती बाबांपेक्षा दोन बोटं उंच झाली, पण नाव काही बदललं नाही. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. तिच्या हुकमतीखाली काम करणारा एकच इसम होता, तो म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

या भावाचं नाव तिने ठेवलं होतं नंतरराव. पंचविशीचा घोडा, पण कुठलंही काम सांगा, स्वारीचं उत्तर ठरलेलं. दुकानामागच्या मोरीतला नळ वर्षभर गळत होता. त्याखाली बादली ठेवली होती. बादली काठोकाठ भरली की ठकी आतून ओरडायची, “नंतरराव, तुमचं तळं भरलं.” बाबा कपाळाला हात लावत आणि म्हणत, याचं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोला. आळशीसुद्धा नव्हता. दिवसभर झेरॉक्स मशीनपाशी उभा राहून त्याच्या पोटऱ्या दुखायच्या, पण तक्रार नाही. फक्त ज्या कामात काहीतरी कायमचं ठरतं, ते समोर आलं की हा पाऊल मागे घ्यायचा. कुणाला नाही म्हणायची हिंमत नाही, हो म्हणायची त्याहून नाही, मग उरतं काय? नंतर.

त्या वर्षी ठकीच्या कॉलेजात अवयवदानाचं शिबिर झालं. पोरांना पातळ कागदाची कार्डं दिली होती, पाकिटात दोन दिवसांत लगदा होईल अशी. त्यामुळे अख्खं कॉलेज लॅमिनेशनसाठी दुकानात लोटलं. तीन दिवस नुसती जत्रा.

आणि काय एकेक नमुने. एकाने सगळ्या चौकोनांवर खुणा केल्या होत्या आणि लिव्हरपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘घेणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर’. एक मुलगी डोळे सोडून सगळं द्यायला तयार होती. का, तर वर गेल्यावर आजीला ओळखायचं कसं. एकाला कार्ड नको होतं, कार्ड हातात धरलेला फोटो हवा होता. एक काटकुळा मुलगा मात्र सगळे गेल्यावर हळूच ठकीपाशी आला आणि म्हणाला, मी देईन गं, पण आपल्याकडे हे कार्ड आहे म्हणून डॉक्टर आपल्याला लवकर सोडून तर देणार नाहीत ना? ठकी हसली नाही. तिने त्याला बसवून नीट सांगितलं, की जिवासाठी झटणारे डॉक्टर वेगळे आणि हे काम पाहणारे वेगळे. तो गेला, दुसऱ्या दिवशी वडिलांची सही घेऊन आला.

सगळ्यांचं घोडं अडत होतं ते या सहीपाशीच. कार्डाच्या खाली एक रेघ होती, जवळच्या नातेवाइकाच्या सहीसाठी. पोरांना मरणाचं काही वाटत नव्हतं, घरी सांगायचं म्हटलं की एकेक कारण निघायचं. आई जेवायची नाही, बाबा फोन काढून घेतील, आजोबांना झटका येईल. ठकी कुणाचं ऐकते? पाटीकडे बोट करून ती कार्डं परत द्यायची. काही हुशार रूममेटच्या सह्या घेऊन आले, त्यांनाही तिने हाकललं. रूममेट नातेवाईक होत नाही म्हणाली, उधार मागायला होतो. दुकानात आलेल्या दोनशेतली निम्मी कार्डं परत आलीच नाहीत.

मग तिने स्वतःचं भरलं. हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं, डोळे, सगळ्यांवर खुणा. आणि कार्ड घेऊन भावापुढे उभी राहिली. नंतररावाचे हात टोनरच्या भुकटीने काळे झाले होते. तो म्हणाला, नंतर. दुसऱ्यांदा आली तेव्हा गिऱ्हाईक होतं. तिसऱ्यांदा ती भर दुपारी दुकान रिकामं असताना आली आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. आता सुटका नव्हती.

“तुला नक्की भीती कसली वाटते, दादा?”

“भीती कसली? मी मोठा आहे. रांगेत माझा नंबर आधी. माझी सही घेऊन तू करणार काय?”

“मग तुझं कार्ड भर. मी आत्ता सही करते.”

तो म्हणाला, नंतर. मग म्हणाला, बाबांकडून घे. ठकी म्हणाली, बाबा म्हणतील लग्न होऊ दे, मग नवऱ्याला विचार. मग आईकडून घे. तर ती म्हणाली, आईला नको मध्ये घेऊस, ती रडत बसेल. ते त्यालाही पटलं. आईचा विषय दोघांनी तेवढ्यावर संपवला.

खरं सांगायचं तर त्याला भीतीच वाटत होती. या पोरीला त्याने पाठुंगळीला मारून शाळेत नेलं होतं. तिच्या मरणाखाली आपलं नाव लिहायचं, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. सही केली आणि काही झालं तर? आपणच बोलावल्यासारखं होईल. हे तिला सांगितलं असतं तर ती कदाचित गप्प बसली असती, कदाचित त्याच्या पाठीवर हात ठेवला असता. पण हे सांगायचंसुद्धा त्याने नंतरवर टाकलं.

ठकी उठली. मशीन तापलेलंच होतं. तिने कार्ड प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घातलं आणि त्याच्याकडे बघत बघत रोलरमध्ये सरकवलं. तो “अगं, सही” म्हणेपर्यंत कार्ड पलीकडून बाहेर आलं, गरम गरम, खालची रेघ कोरी. तिने कडा कापल्या, चारही कोपरे कात्रीने गोल केले, तिची ती पद्धतच होती. मग त्याच्या नाकासमोर कार्ड नाचवलं.

“झालं. आता तुला सुटी. सहीचं काय, वेळ आली की शेवटी घरच्यांनाच विचारतात. तेव्हा तू तोंडाने सांग, की तिला द्यायचं होतं. तेवढं मात्र नंतर नको.”

“बरं बाई, सांगेन. शुभ बोल जरा.”

तो हसला, तीही हसली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून दोघं उठले.

याला सात आठवडे झाले असतील. मंगळवारी सकाळी कॉलेजला जाताना वळणावर सांडलेल्या वाळूवरून ठकीची स्कूटर घसरली. डोक्यात हेल्मेट होतं, अंगावर जखम म्हणाल तर कोपराला खरचटलं होतं तेवढीच. पण आत मेंदूला मार बसला होता. दोन दिवस डॉक्टरांनी शर्थ केली. गुरुवारी सकाळी साडेअकराला मोठ्या डॉक्टरांनी घरच्या तिघांना आयसीयूला लागूनच्या, मध्ये काच असलेल्या एका लहान खोलीत बसवलं आणि सांगितलं, की मध्ये ठरलेले तास सोडून दोनदा तपासणी केली आहे, दोन्ही वेळा उत्तर एकच आलं आहे. मेंदू गेला आहे. छाती हलते आहे ती मशीनमुळे. ठकी आता नाही.

आईच्या हातात ठकीचा केसांचा चाप होता, तो ती उघडत होती आणि मिटत होती. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, पण अंग गरम आहे ना? डॉक्टर म्हणाले, हो, काही वेळ राहील.

डॉक्टर गेल्यावर एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या, साधा सुती कुडता, छातीशी निळी फाइल. आपण अवयवदानाचं काम बघतो असं त्यांनी सांगितलं आणि ठकीच्या पाकिटात सापडलेलं कार्ड टेबलावर ठेवलं. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, म्हणाल्या, तिची काळजी तशीच घेतली जाईल. फक्त तिची इच्छा काय होती ते तुम्हाला ठाऊक असेल, तर ते मला ऐकायचं आहे.

बाबांनी कार्ड उचललं. सव्वीस वर्षं कागद तपासलेला माणूस. त्यांनी आधी कडेवरून अंगठा फिरवला, मग कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. एवढ्या दुःखातही त्यांचे डोळे जायचे तिथेच गेले, खालच्या रेघेवर.

“बाई, हे माझ्याच मशीनवरचं आहे,” ते म्हणाले. “कोपरे ती अशीच कापते. पण हे खरं कार्ड नाही, हा नमुना आहे. खरं असतं तर सही असती. सहीसाठी तिने शंभर पोरं परत पाठवली. माझी मुलगी सहीशिवाय कागद मशीनमध्ये घालायची नाही.”

त्यांच्या आवाजात थोडा अभिमानसुद्धा होता. जगातला दुसरा कुठलाही बाप कार्ड बघून म्हणाला असता, हो, हिने भरलंय. या एकाच बापाला ते कोऱ्या रेघेवरून खोटं वाटलं, कारण लेकीला शिस्त त्यानेच लावली होती.

बाई आईकडे वळल्या. त्यांनी काही विचारायच्या आत बाबा म्हणाले, तिला नका विचारू, ती आधीच खचली आहे. मग ते मुलाकडे वळले.

“तुला काही बोलली होती का रे?”

एका वाक्याचं काम होतं. तेही तिनेच तयार करून दिलेलं. नंतररावाने तोंड उघडलं आणि काचेपलीकडे ठकीची छाती वर झाली, खाली आली, पुन्हा वर झाली. हो म्हटलं की हे थांबणार. आणि हो म्हटलं की बाबा विचारणार, मग सही का नाही केलीस? तिने तुझ्याकडे तीनदा मागितली आणि तू टाळलीस?

“नीट आठवत नाही,” तो म्हणाला. “जरा विचार करून सांगतो. नंतर.”

बाईंनी त्याच्याकडे एकवार पाहिलं. ओरडल्या नाहीत, सुनावलं नाही. एवढंच सांगितलं, की रक्तदाब औषधांवर धरून ठेवला आहे, शरीर किती वेळ साथ देईल ते सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत देईल, न देईलही. मी कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत आहे. मग फाइल मिटून त्या गेल्या.

एकच्या सुमाराला ऑफिसातून निरोप आला, ठकीच्या ओळखपत्राची झेरॉक्स हवी. बघा नशिबाची थट्टा, ज्यांच्या दारात दोन झेरॉक्स मशीनं त्यांच्याकडे त्या एका कागदाची कॉपी नव्हती. नंतरराव दुकानाकडे निघाला. निघताना त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

दुकान तीन दिवस बंद होतं. शटर अर्धं वर करून तो वाकून आत शिरला. मोरीत नळ ठिबकत होता. बादली भरून पाणी लादीवर पसरलं होतं, आणि ‘तुमचं तळं भरलं’ म्हणणारं कुणी नव्हतं. ठकीचे कागद लॅमिनेशन मशीनखालच्या खणात असत. ओळखपत्र वरच होतं. त्याच्याखाली एक पाउच होतं, न चिकटवलेलं, आणि पाउचमध्ये अवयवदानाचं कार्ड.

त्याला आधी वाटलं हिचंच दुसरं असेल. नव्हतं. कार्ड त्याच्या नावाचं होतं. त्याची जन्मतारीख, त्याचा रक्तगट, सगळं ठकीच्या गोल गोल अक्षरात. खाली जवळच्या नातेवाइकाच्या रेघेवर तिची सही होती. तारीख त्याच दुपारची, जेव्हा ती स्टूल ओढून समोर बसली होती. चौकोन सगळे मोकळे ठेवले होते, त्यावर खुणा करणं त्याचं काम. आणि टाचणीने लावलेली चिठ्ठी: ‘नंतरराव, मी माझं काम केलं. आता फक्त तू राहिलास. मशीन तापवून ठेवते.’

तो तिथेच लादीवरच्या पाण्यात बसला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडला. ढसाढसा, शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून. सात आठवडे ती रोज या खणापाशी काम करत होती. रोज त्याची वाट बघत होती, आणि एका शब्दाने तगादा लावला नव्हता. किती वेळ बसला कुणास ठाऊक. उठून घड्याळ पाहिलं तेव्हा पावणेतीन वाजून गेले होते. झेरॉक्स तशीच राहिली. तो चिठ्ठी आणि कार्ड खिशात कोंबून पळत सुटला.

बाबा कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते, आई शेजारी. त्याने धाप लागलेल्या आवाजातच सांगून टाकलं. थांबला असता तर पुन्हा नंतरवर गेलं असतं.

“बाबा, तो नमुना नाही. खरं कार्ड आहे. तिने माझ्याकडे सही मागितली होती, तीनदा. मी केली नाही. मग तिने चिडून तसंच मशीनमध्ये घातलं. तिला सगळं द्यायचं होतं, बाबा. कुणी विचारलं तर सांग म्हणाली होती.”

बाबांनी मान वर केली. “आणि सकाळी मी विचारलं, तेव्हा?”

“तेव्हाही सांगितलं नाही.”

त्याला वाटलं आता एक सणसणीत कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. बाबांनी फक्त चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि कॉरिडॉरच्या टोकाकडे चालू लागले. त्यांच्या चालीवरून ते अचानक म्हातारे वाटले.

तीन वाजून वीस मिनिटांनी बाबांनी सही केली. बाईंनी दोन फोन केले, एकाला रक्ताच्या नळ्या घेऊन पळवलं. कुठल्या कुठल्या दवाखान्यांत कुणाकुणाला निरोप गेले असतील. नंतरराव भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या मनात येत होतं, होईल, अजून होईल, ठकीचं काम होईल.

चारला दहा कमी असताना काचेआड मशीन ओरडायला लागलं. दोन नर्स धावल्या, मग डॉक्टर धावले, कुणीतरी पडदा ओढला. वीस-पंचवीस मिनिटं आतून नुसते तुटक आवाज येत होते. मग मोठे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. हृदय थांबलं होतं. या वेळी खरोखर.

निळ्या फाइलवाल्या बाईंनी त्यांना परत त्याच लहान खोलीत बसवलं. म्हणाल्या, हृदय, यकृत, मूत्रपिंडं आता देता येणार नाहीत. डोळे देता येतील, त्याला काही तास असतात, तुमची इच्छा असेल तर. नंतररावाने विचारलं, मी सकाळीच बोललो असतो तर? घरच्यांनी पहिल्या मिनिटाला हो म्हटलं तरी असं कधी कधी होतं, बाई म्हणाल्या, त्यामुळे तसं सांगता येत नाही. चांगली बाई होती. पण त्याने हिशोब केव्हाच केला होता: साडेअकरा ते तीन. बाबांची ती बैलाची म्हण त्याच्या डोक्यात आपोआप उमटली आणि त्याला भडभडून आलं.

डोळ्यांचा फॉर्म निराळा होता. त्यावर दोन रेघा होत्या, एक नातेवाइकाची, एक साक्षीदाराची. बाबांनी पहिली सही केली आणि पेन मुलापुढे धरलं. त्याने फॉर्म वाचलासुद्धा नाही, सही करून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी लगेच केलं होतं.

बाई फॉर्म उचलणार तेवढ्यात आई म्हणाली, “मला द्या.”

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. बाईंनी हलकेच सांगितलं, की दोन सह्या पुरतात, तुम्ही त्रास करून घेऊ नका. आईने ऐकलं नाही. फॉर्मकडे तिचं लक्षच नव्हतं. टेबलावर ठकीचं कार्ड सकाळपासून तसंच पडलं होतं. तिने ते ओढून घेतलं आणि मुलाच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“सकाळी हे म्हणाले नमुना आहे. मला वाटलं, असेल,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, त्यात रडणं नव्हतं. “तिने तुझ्याकडे तीनदा मागितली. मला एकदा विचारायचं होतं रे. ही झाली तेव्हा मला चार बाटल्या रक्त चढवलं होतं. कुणाचं होतं ते आजवर मला माहीत नाही, रोज एकदा मनात येतं. मी केली असती सही. मला कुणी विचारलंच नाही.”

आणि तिने पेन कोऱ्या रेघेवर टेकवलं. पेन घसरलं. शाई उमटली नाही. तिने पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली, जास्त दाबून. प्लॅस्टिकवर एक निळसर ठिपका आला, तो तिच्याच बोटाने पुसला गेला. तिने तिसऱ्यांदा टेकवलं. ज्या माणसाने सव्वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं होतं की यावर आता काही लिहिता येत नाही, तो माणूस समोर बसला होता. पण त्याला आपल्या बायकोला ते सांगवेना. बाबांनी तोंड फिरवून खिडकीकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

जोर लागला की कार्ड टेबलावर सरकत होतं. नंतरराव आईशेजारी गुडघ्यांवर बसला. तिला लिहिता यावं म्हणून त्याने कार्ड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.